हिवाळी पाणपक्ष्यांचे छायाचित्रण : परवानगी कधी लागते, कोणाकडे मागायची आणि सोबत काय जोडायचं

दिवाळी आटोपली की पक्षीवेड्यांमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो. "पाणपक्ष्यांचे फोटो काढायला जायचंय, वनखात्याची परवानगी लागते का?" यावर ठामपणे 'हो' म्हणणारा चुकतो आणि 'छे, कशाला' म्हणणाराही चुकतो. उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: ते पाणी कोणाच्या ताब्यात आहे, आणि तुम्ही तिथे नेमकं काय करणार आहात. लेन्स किती लांब आहे याचा परवानगीशी संबंध नाही. फाटकावरच्या कॅमेरा शुल्काशी मात्र असू शकतो.

आधी पाण्याचं बघू. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, पैठणच्या नाथसागरावरचं जायकवाडी आणि २०१५ साली जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, ही तिन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालची अभयारण्यं. इथे कलम २७ लागू होतं, म्हणजे परवान्याशिवाय आत जाता येत नाही. कामावर असलेले सरकारी कर्मचारी, हद्दीत राहायची परवानगी असलेले, हद्दीत ज्यांची जमीन आहे ते आणि सार्वजनिक महामार्गावरून नुसते जाणारे, अशांना सूट आहे. यातलं शेवटचं वाचून काहींचे डोळे चमकतात. पण सूट 'जाण्याला' आहे. गाडी बाजूला लावून बांधावर उतरलात की तुम्ही वाटसरू राहिला नाहीत.

परवाना कशासाठी मिळू शकतो ते कलम २८ सांगतं: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर कामकाज. २०२२ च्या दुरुस्तीने छायाचित्रणाच्या जोडीला चित्रीकरणाचाही स्पष्ट उल्लेख आला आणि अटही आली, की अधिवासात बदल होता कामा नये आणि वन्यजीवांवर वाईट परिणाम होता कामा नये. पुढे अर्जात कुठली वाक्यं लिहायची ते याच अटीतून ठरतं.

भिगवणची गोष्ट वेगळी. उजनी धरणाचा तो फुगवटा अभयारण्य नाही. कुंभारगाव, डिकसळ भागात स्थानिक मच्छीमारांच्या होड्यांतून रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाता येतं आणि त्यासाठी वनखात्याचा प्रवेश परवाना लागत नाही. पण जलाशय जलसंपदा खात्याचा आहे, आणि धरणाच्या भिंतीजवळ फोटो काढायला मनाई असल्याचा फलक दिसला तर तो पाळायचा. तिथे 'मी फक्त नदीसुरय टिपत होतो' हे स्पष्टीकरण चालत नाही. शिवाय अभयारण्य नसलं म्हणून कायदा संपत नाही. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं कायद्याच्या व्याख्येत 'शिकार' आहे, आणि शिकारीवरची बंदी गावतळ्यालाही लागू आहे. चित्रबलाकासारख्या रहिवासी पक्ष्यांची वीण काही ठिकाणी ऐन हिवाळ्यात चालते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

'रामसर स्थळ' या शब्दाने उगाच घाबरायला होतं. नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. पाठोपाठ लोणार आणि ठाणे खाडी त्या यादीत गेली. हा दर्जा पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातला आहे, त्याचा वेगळा प्रवेश परवाना नसतो. परवाना लागतो तो त्या जागेला असलेल्या अभयारण्याच्या दर्जामुळे.

आता तुम्ही काय करणार आहात ते.

हौसेने, स्वतःसाठी, पर्यटकांना खुल्या असलेल्या वेळेत आणि ठरवून दिलेल्या वाटांवरूनच फोटो काढणार असाल, तर फाटकावर फाडलेली प्रवेशाची पावती आणि कॅमेऱ्याची पावती हाच तुमचा परवाना. वनखात्याच्या नागपूर कार्यालयाला अर्ज करायची गरज नाही. त्यासाठी शिक्षणाची, अनुभवाची किंवा कुठल्या संस्थेच्या सभासदत्वाची अट नाही. ओळखपत्र मात्र मूळ ठेवा. परदेशी पाहुणा सोबत असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. पावती दिवसभर खिशात असू द्या, कारण वनरक्षक ती आत कुठेही मागू शकतो.

ठाणे खाडीत याच सोप्या प्रकाराला भरती-ओहोटीची गाठ आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट पाण्याच्या हिशोबाने चालते, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे मागच्या रविवारी मित्र सकाळी आठला गेला होता म्हणून तुम्हालाही आठची बोट मिळेल असं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग (लहान भरती-ओहोटी) यांत चिखल किती उघडा राहतो यात बराच फरक पडतो, आणि रोहित चरतात ते त्या चिखलावर. आरक्षण करताना आधी तिथी बघा, मग सुट्टी.

लेखी अर्ज लागतो तो पुढच्या कामांना: माहितीपट, जाहिरात, मालिका किंवा पैसे घेऊन केलेलं कुठलंही चित्रीकरण, पर्यटकांना बंद असलेल्या भागात किंवा बंद वेळेत जाणं, लपण बांधून बसणं, आणि ड्रोन. यूट्यूबवाल्यांची इथे पंचाईत होते. मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण केलं तर कोणी हटकत नाही, पण ट्रायपॉड, माइक, निवेदक आणि चौघांचा ताफा दिसला की फाटकावरचा माणूस त्याला चित्रीकरणच समजणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही. शंका असेल तर आधीच लेखी विचारून घ्या.

परवाना देण्याचा अधिकार कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकांचा. महाराष्ट्रात प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) हेच ते पद सांभाळतात आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. पण थेट नागपूरला अर्ज धाडला तर तो अभिप्रायासाठी खालीच येतो, मग पुन्हा वर जातो. म्हणून अर्ज त्यांच्या नावे करा, पण 'मार्फत' त्या अभयारण्याच्या वन्यजीव विभागाच्या प्रमुखांकडे द्या. नांदूर मधमेश्वरसाठी नाशिकचा वन्यजीव विभाग, ठाणे खाडीसाठी कांदळवन कक्ष. एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या. प्रत्यक्ष जागेबद्दलचा अभिप्राय तेच लिहितात, आणि चहा पिताना त्यांच्याशी झालेलं बोलणं अर्जाच्या तीन पानांपेक्षा जास्त कामाला येतं. विभागाने ऑनलाइन अर्जाची सोय दिली असेल तर ती वापराच, तरी छापील प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज शोधायला कोणीही मोकळं नसतं.

मजकूर साधा ठेवा. विषयाची ओळ: 'नांदूर मधमेश्वर वन्यजीव अभयारण्यात पाणपक्ष्यांच्या छायाचित्रणास परवानगी मिळणेबाबत.' त्याखाली तुम्ही कोण, काम कशासाठी, फोटो किंवा चित्रण कुठे वापरणार, माणसं किती, वाहन कोणतं, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा आणि कोणती ठिकाणं. ठिकाणं नावानिशी लिहा: चापडगावचा मनोरा, खाणगाव थडीची बाजू, असं. मी पहिल्या अर्जात 'अभयारण्य व परिसर' एवढंच लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी तो 'परिसर म्हणजे काय ते स्पष्ट करावे' अशा शेऱ्यासह परत आला. तेव्हा चिडलो होतो. आज वाटतं, शेरा योग्यच होता.

शेवटी कलम २८ मधली अट आपल्या शब्दांत लिहून टाका: झाडोरा तोडणार नाही, पाणवनस्पती हटवणार नाही, पक्ष्यांना उडवणार नाही, आवाजाच्या ध्वनिफिती वाजवणार नाही, रात्री प्रखर दिवे वापरणार नाही.

अर्जासोबत सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रती, वाहनाचं नोंदणीपत्र व चालकाचा परवाना, आणि साहित्याची यादी जोडायची. यादीत कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड, लपणाचा तंबू, सगळं. फाटकावर यादीबाहेरची वस्तू निघाली तर ती तिथेच ठेवून जावं लागतं. संस्थेतर्फे जात असाल तर संस्थेचं पत्र. चित्रीकरण असेल तर संहितेचा सारांश, चमूची नावं आणि कामाचं वेळापत्रक. हमीपत्र साध्या कागदावर चालेल की मुद्रांक कागदावर, ते त्या कार्यालयात विचारून घ्या, म्हणजे एक फेरी वाचते. शुल्क आणि अनामत परवानगीच्या पत्रात लिहून येते. रोख कोणाच्या हातात देऊ नका, चलनाने किंवा ऑनलाइन भरा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

ड्रोनबद्दल गैरसमज फार. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' ठरतो आणि त्याला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. पण ही सवलत उड्डाणाच्या नियमांतली आहे. अभयारण्यावर ड्रोन उडवायला वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी लागते आणि हौशी माणसाला ती मिळेल अशी आशा मी तरी धरणार नाही. पाण्यावर बसलेल्या चक्रवाकांना आणि तलवार बदकांना वरून येणारी कुठलीही सावली शिकारी पक्ष्याचीच वाटते, आणि सगळा थवा उठतो. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात वन्यप्राण्यांना छेडायला मनाई आहे, आणि कायद्याच्या भाषेत पक्षीही प्राण्यांतच मोडतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशा सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अभयारण्यातल्या शिकारीची शिक्षा याहून कडक आहे.

वेळेचं गणित पक्ष्यांवरूनच मांडावं लागतं. थापट्या, तलवार बदक ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उतरायला लागतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब बहुतेक ठिकाणी थंडी मुरल्यावर नीट दिसतात. लेखी परवानगी हवी असेल तर गणपतीच्या सुमारास अर्ज आत गेलेला बरा. दिवाळीनंतर दिलेला अर्ज आणि परतीच्या वाटेला लागलेले पक्षी यांची गाठ चुकायची शक्यता दाट असते.

आणि अर्जात तारीख एकच मागू नका. पाऊस लांबला की जलाशय काठोकाठ राहतो, चिखल उघडा पडत नाही, आणि चिखलात चरणारे तुतारे, शेकाटे, रोहित एक तर येत नाहीत किंवा दूर पसरतात. वारकरी पक्षी आणि कमळपक्षी त्या भरल्या पाण्यातही असतात, पण तुम्ही त्यांच्यासाठी एवढा कागदी घोडा नाचवला नसेल. म्हणून 'डिसेंबरचा तिसरा आठवडा ते जानेवारीअखेर, यातले कोणतेही चार दिवस, प्रत्यक्ष तारीख तीन दिवस आधी कळवू' अशी मुदत मागा. कारण लिहा: पाण्याची पातळी. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला हे कारण लगेच पटतं, तो रोज तेच पाणी बघत असतो.

राज्याबाहेर जाणार असाल तर प्रत्येक राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक वेगळा. महाराष्ट्राचं पत्र भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात किंवा गुजरातच्या नळ सरोवरात दाखवून उपयोग नाही. साध्या पर्यटकासाठी तिथेही फाटकावरची किंवा ऑनलाइन काढलेली पावती पुरते. चित्रीकरणासाठी त्या राज्याकडे नव्याने अर्ज करावा लागतो.

पत्र हातात आलं की अटींचं पान सावकाश वाचा. सोबत वनरक्षक किंवा नोंदणीकृत मार्गदर्शक हवा, ठरलेल्या वेळेआधी बाहेर पडायचं, चित्रणाची प्रत विभागाला द्यायची, अशा अटी असू शकतात. पत्राच्या दोन छापील प्रती ठेवा, बांधावर मोबाइलची रेंज असेलच असं नाही. काम झाल्यावर ठरलेली प्रत पोचवून तिची पोच घ्या आणि अनामत भरली असेल तर ती परत मिळण्याचा अर्ज त्याच पोचेसोबत लगेच द्या. पुढच्या हिवाळ्यात तुमचं नाव त्याच टेबलावर पुन्हा येणार आहे.