गडग्याला घासलेला बंपर: क्लेम करायचा की खिशातून भरायचं?

गणपतीत आणि मे महिन्यात आमच्या गॅरेजला एकाच तऱ्हेच्या गाड्या येतात. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली, गाडी कडेला घेतली आणि बंपर चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासला. मालक म्हणतात, “विमा आहे ना, त्यातच करून टाका.” आमचं बिल कंपनीने दिलं काय नि तुम्ही दिलं काय, आम्हाला सारखंच. फरक तुमच्या खिशाला पडतो, म्हणून आधी हिशेब बघा.

वर्षभर क्लेम नसला की पुढच्या वर्षी विम्याच्या ओन डॅमेज भागावर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता) सूट मिळते, तीच एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस. पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. क्लेम दोन हजारांचा असो की दोन लाखांचा.

समजा सूट धरण्याआधी तुमचा ओन डॅमेज हप्ता १२,००० आहे आणि ५० टक्के सूट मिळून तुम्ही ६,००० भरता. क्लेम केलात तर पुढची पाच वर्षं १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० असे हप्ते येतील. जादा गेले १५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७,७००. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल, पण अंदाजाला पुरेसा आहे.

आता बंपरचं बघू. नवा बंपर ५,००० आणि रंगकाम ३,०००, मिळून ८,०००. प्लास्टिकच्या भागावर कंपनी निम्मा घसारा (वापराने उतरलेली किंमत) कापते, म्हणजे २,५०० गेले. रंगकामाचा चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यावरही निम्मी कपात, म्हणजे ३७५. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० तुमच्याकडचे. हातात आले ४,१२५. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कवच, घेतलेलं असलं तरी ७,०००. एवढ्यासाठी १७,७०० घालवू नका.

नारळाची गोष्ट वेगळी. झाडाखाली लावलेल्या गाडीवर नारळ पडला, बॉनेटला पोचा आला, समोरची काच फुटली आणि बिल तीस हजारांवर गेलं, तर बेधडक क्लेम करा. काचेवर घसारा लागत नाही. एनसीबी मुळातच शून्य असेल, किंवा क्लेमनंतरही सूट टिकवणारं एनसीबी प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन (जादा कवच) असेल, तरी गणित बदलतं. मात्र त्या अ‍ॅड-ऑनच्या अटी आणि झिरो डेपचे वर्षातले क्लेम किती, हे पॉलिसीत वाचून घ्या.

कुणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान झालं असेल, तर परस्पर मिटवायला जाऊ नका. ताबडतोब कंपनीला कळवा आणि कुणाला इजा असेल तर पोलिसांनाही.

निर्णयाआधी आम्ही बंपर उतरवून दाखवतो. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, आत ब्रॅकेट तुटलेला, हेडलाइटचा कान गेलेला किंवा रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला निघतो. खरा खर्च तेव्हा कळतो. क्लेम करण्याची शक्यता असेल तर आधी घासल्या जागेचे आणि पूर्ण गाडीचे फोटो काढा, आणि कंपनीच्या सर्व्हेचं, म्हणजे नुकसानीच्या पाहणीचं, ठरेपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका.

इथल्या खाऱ्या हवेत पत्रा उघडा ठेवणं मात्र परवडत नाही. दरवाजाचा किंवा फेंडरचा रंग जाऊन पत्रा दिसायला लागला, तर गंज रंगाखालून पसरत जातो, आणि गंजाचे पैसे विमा देत नाही. क्लेम नाही म्हणून काम पावसाळ्यानंतरवर ढकलू नका. निदान घासून प्रायमर मारून घ्या. बंपर प्लास्टिकचा, त्याला घाई नाही.

जुने ओरखडे नव्या क्लेममध्ये घुसडा, असं कुणी सांगितलं तर आम्ही ते करत नाही. प्रत्येक अपघाताचा क्लेम वेगळा असतो. विमा कंपनी बदलताना आधीचा क्लेम लपवून एनसीबी घेणंही अंगाशी येतं. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते, आणि मोठ्या अपघाताच्या वेळी नेमका क्लेम अडतो.

येताना पॉलिसीची प्रत आणा. दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मांडून देतो. त्याचे पैसे घेत नाही, काम दुसरीकडे करून घेतलंत तरी.