मूल फॉस्टर केअरमध्ये असेल तर: भेट, ताबा आणि अपील

बाल कल्याण समितीने मूल दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, दिले म्हणून जन्मदात्यांचा हक्क संपत नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 नुसार, आईवडील असमर्थ ठरल्याने मूल प्रतिपालक (फॉस्टर) कुटुंबात गेले असेल तर त्यांना ठरावीक अंतराने त्याला भेटता येते. समितीला भेट नाकारायची झाल्यास कारण लेखी नोंदवावे लागते. पालक पुन्हा सक्षम झाल्याची समितीची खात्री पटली की मूल घरी परतू शकते, मग त्याला तिथे वर्षाहून जास्त काळ झालेला का असेना.

सरेंडर डीडची, म्हणजे मूल कायमचे सोडून देत असल्याच्या दस्ताची, गोष्ट मात्र वेगळी. त्यावर सही केल्यावर फेरविचाराला दोनच महिने मिळतात. त्यानंतर समिती मूल दत्तकासाठी मोकळे जाहीर करू शकते. ‘नुसती सही करा’ असे कोणी म्हणाले तरी कागद वाचून घ्या.

भेटीचा किंवा ताब्याचा अर्ज समितीकडे साध्या कागदावर करता येतो. सोबत समितीच्या आदेशाची प्रत, मुलाचा जन्म दाखला, आपले आधार कार्ड आणि रहिवासाचा पुरावा जोडा. खरा भर हवा तो आदेशात लिहिलेले कारण दूर झाल्याच्या पुराव्यावर: दारूचे कारण असेल तर व्यसनमुक्ती उपचाराचे कागद, आजारपण असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र, घर नसेल तर भाडेकरार. बरेच जण फक्त उत्पन्नाचा दाखला लावतात आणि मूळ कारणाला उत्तरच देत नाहीत. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

अर्जानंतर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून गृहभेट होऊन अहवाल जातो. त्याची प्रत लेखी मागा. चूक आढळली तर उत्तरही लेखीच द्या. बाजू मांडण्याची संधी हे कायद्याच्या कलम 3 मधले तत्त्व आहे. ठरलेली भेट चुकणार असेल तर आधी कळवा, नाहीतर ‘पालक फिरकले नाहीत’ एवढीच नोंद राहते.

आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील. गोंधळ होतो तो इथेच. समितीच्या इतर आदेशांवरचे अपील बाल न्यायालयात जाते, पण फॉस्टर केअरबाबतचे कलम 101 नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. चुकीच्या ठिकाणी गेल्याने मुदत उलटली, तर विलंबाचे सबळ कारण देणारा अर्ज अपिलासोबत जोडा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.