धुवायचं डायपर आणि फेकायचं डायपर: दिसायला सारखी, कामाला वेगळी

मेडिकलवाल्याकडे मोठ्या माणसांची डायपर मागितली की हल्ली दोन प्रकार समोर येतात. एक पाकिटातलं, वापरून टाकून द्यायचं. दुसरं कापडी, बटणांचं किंवा चिकटपट्टीचं, धुऊन पुन्हा वापरायचं. दोन्ही कमरेला एकाच तऱ्हेने बसतात, त्यामुळे घरातल्यांचा समज होतो की दुसरं म्हणजे पहिलंच, फक्त धुता येणारं. त्या समजावर पैसे घातले की पहिल्याच रात्री गादी ओली होते, आणि आठवड्याभरात ते कापडी डायपर कपाटाच्या खालच्या खणात जाऊन पडतं. वस्तू वाईट नसते. तिच्याकडून जे मागितलं ते तिचं कामच नसतं.

आधी फेकायच्या डायपरच्या पोटात काय असतं ते बघू. एक नवीन डायपर कात्रीने उभं कापा. अंगाला लागतो तो पातळ, न विणलेल्या धाग्यांचा थर. सगळ्यात बाहेर प्लास्टिक. मधे लाकडाच्या लगद्यापासून केलेला कापसासारखा भुसा आणि त्यात मिसळलेली बारीक पांढरी पावडर. ही पावडर म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट. निव्वळ पाणी असेल तर ती स्वतःच्या वजनाच्या कित्येकशे पट शोषते. लघवीत क्षार असतात, त्यामुळे तिथे ही ताकद बरीच उतरते, तरी तीसेक पट कुठे गेली नाही. त्या कापलेल्या तुकड्यावर पेलाभर पाणी ओता, थोडं थांबा आणि मुठीत दाबा. साबुदाण्याच्या खिरीसारखा लगदा हाताला लागतो, पण पाणी गळत नाही. सगळी मेख या दाबण्यात आहे. माणूस त्यावर बसला, कुशीवर वळला, तरी शोषलेलं आत राहतं.

कापडी डायपरमध्ये अशी पावडर नसते. त्याचे दोन भाग असतात आणि गल्लत इथूनच सुरू होते. बाहेरचं रंगीत कव्हर म्हणजे कापडाला आतून चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पडदा. ते ओल बाहेर येऊ देत नाही, पण स्वतः एक थेंबही शोषत नाही. शोषतो तो आतला पॅड: सुती, बांबूच्या धाग्याचा किंवा मायक्रोफायबरचा. लोक कव्हरची शिवण आणि बटणं बघून माल पारखतात आणि सोबतचा पॅड उलटूनही बघत नाहीत. कापडात ओल धाग्यांच्या मधे साठते, कोंडली जात नाही. दाब पडला की ती परत निघते आणि मांडीच्या कडेने वाट काढते. मायक्रोफायबर झटकन शोषतं आणि दाबल्यावर तितक्याच झटकन सोडतं. शिवाय ते कातडीचा ओलावा ओढून तिला कोरडं करतं, म्हणून ते थेट अंगाला लावायचंच नाही, वर सुती थर हवाच.

आता हिशेब घाला. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिलीलीटर लघवी मावते आणि दिवसभरात 1 ते 2 लीटर होते. वय वाढलं की त्यातला मोठा वाटा रात्रीचा असतो. पाकिटातलं चांगलं डायपर एकापेक्षा जास्त वेळची लघवी धरून ठेवतं. कापडी पॅड एका वेळची नीट धरतो. म्हणून दिवसा ते दोन-तीन तासांनी बघायचं आणि ओलं दिसलं की लगेच बदलायचं. हे जमणार असेल तरच कापडी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच उणिवेत एक मोठा गुणही आहे. पाकिटातल्या डायपरमध्ये वरचा थर कोरडा लागतो, त्यामुळे ओलं झाल्याचं खुद्द माणसालाच कळत नाही. आमचे सासरे, नाना, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अंथरुणावर होते. पाकिटातलं डायपर असताना ते काही बोलत नसत. दिवसा कापडी लावायला लागलो तेव्हा हाक यायला लागली, "माय, वल्लं व्हयनं." पुढे पुढे तर ती हाक आधीच येऊ लागली आणि कधी कधी आम्ही त्यांना वेळेत भांडं देऊ शकलो. प्रत्येकाचं असं होईल असं मी म्हणणार नाही. पण ज्यांची जाणीव शाबूत आहे, ज्यांना नुसतं उठून मोरीपर्यंत जाता येत नाही, त्यांच्यासाठी ओलं लागणं ही खूण असते आणि ती पुसून टाकू नये. त्यांना दर दोन-तीन तासांनी, जेवणानंतर, झोपण्याआधी खुर्चीच्या कमोडवर बसवून बघावं. डायपर कोणतंही असो, ते जितकं कमी लागेल तितकं बरं.

कातडीचा प्रश्न दोन्हींत वेगवेगळ्या वाटेने येतो. निरोगी कातडी किंचित आंबट असते, सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) 4.5 ते 5.5 च्या आसपास. लघवीतल्या युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो, सामू वर चढतो आणि कातडी हळवी पडते. त्यात शौचाचा संपर्क आला की आग, लाली, मग साल निघणं. कापडीमध्ये ओल थेट अंगाला राहते, म्हणून उशीर झाला की त्रास लवकर होतो. पाकिटातल्यात वरून कोरडं वाटतं म्हणून लोक आठ-दहा तास काढतात आणि आत उबाऱ्याने तेच होतं. झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली पातळ लावावी. थापून लावली तर ती कापडी पॅडवर बसते आणि पुढे पॅड शोषायचाच बंद होतो. टाल्कम पावडर नको, घामाने तिच्या गुठळ्या होऊन त्याच घासतात. आणि माकडहाडावर, कमरेच्या हाडावर दाबाने होणारी जखम वेगळी. ती डायपर बदलून बरी होत नाही, त्यासाठी कूस बदलत राहावी लागते आणि डॉक्टरांना दाखवावी लागते.

आपल्याकडे, खान्देशात, या निवडीत दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात: ऊन आणि पाणी. ऊन तर उदंड. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 44-45 अंशांवर जातो. गच्चीवर किंवा धाब्यावर टाकलेला सुती पॅड दुपारपर्यंत कडकडीत होतो, वास जातो, डाग फिके पडतात. यंत्राने वाळवायचा खर्च नाही, आणि तो फार मोठा असतो. ब्रिटनमध्ये 2008 साली बाळांच्या डायपरचा सरकारी पातळीवर पर्यावरणाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा हेच निघालं की कापडीचा फायदा ती कशी धुता-वाळवता यावर ठरतो. दोरीवर वाळवणाऱ्यांचा फायदा होतो, गरम यंत्रात वाळवणाऱ्यांचा होत नाही. मात्र एक लक्षात ठेवा, ऊन पॅडसाठी आहे. कव्हर सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. आपल्या उन्हात त्याचा पडदा तडकतो, इलॅस्टिक सैल पडतं, आणि मग दोष कंपनीला जातो.

पाण्याचं मात्र तसं नाही. धरण भरलेलं असलं तरी नळ रोज सुटेलच असं नाही. दिवसाकाठी पाच-सहा पॅड हाताने धुवायचे म्हणजे तीन-चार बादल्या पाणी जातं. ज्या घरात पिण्याचं पाणीच टाकीत मोजून ठेवावं लागतं, तिथे उन्हाळ्यात पूर्ण कापडीवर जाण्याचा हट्ट करू नये. बोअरचं पाणी असेल तर अडचण निराळी. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, बाई आणखी साबण घालते, तो निघत नाही आणि पॅडवर राप चढतो. पॅड तपासायची सोपी रीत आहे: वाळलेल्या पॅडवर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच मुरले तर ठीक. घरंगळले तर राप चढला आहे. साबण न घालता गरम पाण्यात भिजवून, चोळून, फेस निघायचा थांबेपर्यंत काढायचा. जड पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घातला की साबण कमी लागतो. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्य अजिबात नको, ते धाग्यांवर थर धरतं. नवीन सुती पॅडही पहिल्या चार-पाच धुण्यांनंतरच नीट शोषायला लागतो, म्हणून दुकानातून आणल्या आणल्या त्याची परीक्षा करू नये.

धुण्याचा क्रम माझ्या हातात बसलेला असा आहे. ओला पॅड काढला की लगेच गार पाण्यात एकदा खळबळून पिळायचा आणि झाकणाच्या कोरड्या बादलीत टाकायचा. रात्रभर पाण्यात भिजत ठेवला तर ते पाणी वास धरतं आणि तो वास पुन्हा पॅडमध्येच बसतो. शौच झालं असेल तर आधी ते संडासात झटकायचं, मग गार पाणी. पहिलंच पाणी गरम घेतलं की डाग पक्का होतो. सकाळी सगळे एकत्र, मोजक्या साबणात, मग दोन स्वच्छ पाणी. ब्लीच शक्यतो नको, आणि न खळबळलेल्या लघवीच्या कपड्यावर तर मुळीच नको. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की घशाला, छातीला जाळणारा विषारी वायू होतो आणि आपली मोरी लहान, बंद असते. हातमोजे घाला.

हे सगळं करणारे हात कुणाचे, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसे वाचतात हे खरं. पाकिटातलं डायपर साधारण 40 रुपयांना पडतं असं धरलं आणि दिवसाला चार लागली, तर महिन्याला 4,800 रुपये. शेतीवरच्या घराला हे जड आहे, कपाशीचे पैसे काही दर महिन्याला येत नाहीत. पण कापडीने वाचलेले पैसे बहुतेक वेळा सुनेच्या किंवा लेकीच्या कमरेतून, मनगटातून वसूल होतात, आणि तो खर्च कुठल्याच वहीत चढत नाही. निर्णय घरातले पुरुष घेत असतील तर धुण्याची पाळीही त्यांनी घ्यावी, नाहीतर धुण्याला बाई लावून तिचे पैसे हिशेबात धरावेत. एवढं करून बचत उरली तर ती खरी.

कचऱ्याच्या बाजूने कापडी उजवं आहे. पाकिटातलं डायपर नाल्यात गेलं की फुगून नाला तुंबवतं, शेताच्या बांधावर जाळलं तर प्लास्टिकचा धूर होतो, आणि ते कुजत तर नाहीच. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी वापरलेली डायपर कागदात किंवा पिशवीत घट्ट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं. ज्या गावात घंटागाडीच येत नाही, तिथे गुंडाळून द्यायचं कुणाला, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

तरीही काही वेळा पाकिटातलंच घ्यावं आणि त्यात कसलाही कमीपणा मानू नये. जुलाब लागलेत, कातडी सोलली आहे, दवाखान्यासाठी नाशिकपर्यंत जायचं आहे, रात्री उठणारं कुणी नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा हात वाढतात, पण पाणीही तितकंच लागतं, तेव्हाही. पावसाळ्यात पॅड वाळायला दोन-दोन दिवस लागतात, तेव्हा अर्धे-अर्धे चालवावं. दिवसा कापडी, रात्री आणि प्रवासात पाकिटातलं, ही सरमिसळ मला सगळ्यात शहाणी वाटते.

एक गोष्ट दोन्हींच्या आधीची. ओलं होऊ नये म्हणून म्हातारी माणसं उन्हाळ्यात पाणी प्यायचं सोडतात. नानाही तांब्या दूर सारायचे. लघवी घट्ट होते, जास्त जळजळते, जास्त वास मारते, आणि संसर्गाची भीती वाढते. पाणी तोडू देऊ नका. आणि जे माणूस कालपर्यंत कोरडं होतं त्याची लघवी अचानक सुटायला लागली, तर डायपरच्या आधी डॉक्टर. मूत्रमार्गाचा संसर्ग, साखर, प्रोस्टेट, साधा बद्धकोष्ठ, यातलं काहीही असू शकतं आणि त्यावर इलाज असतो.

सुरुवात करताना सगळा संच एकदम घेऊ नका. एक कव्हर आणि तीन पॅड आणा, घरी माणसं असतील अशा दिवशी लावा. पॅडसाठी घरातलं जुनं सुती धोतर किंवा लुगडं उत्तम, पण ते शंभर टक्के सुती हवं. पॉलिएस्टरची मिसळ असली की ओल नुसती पसरते. आठेक पदरांची लांबट घडी घाला, शिवू नका. उलगडून वाळवता आली तर ती जाड शिवलेल्या पॅडच्या निम्म्या वेळात वाळते. पुरुषांसाठी घडीची जाडी पुढच्या बाजूला, बाईमाणसासाठी मधे. जमतंय असं दिसलं की मग तीन कव्हर आणि उन्हाळ्याला बारा, पावसाळ्याला अठरा पॅड, इतकं पुरतं: दिवसाचे सहा, आणि वाळायला एक किंवा दोन दिवस. गळलं तर कुठे गळलं ते बघा. मांडीशी ओलं असेल तर कव्हर ढिलं आहे किंवा पॅडची कड बाहेर डोकावते आहे. पाठीकडे कमरेशी ओलं असेल तर उताणं झोपल्यावर घडी मागे कमी पडते आहे. पॅड पूर्ण चिंब असेल तर बदलायची वेळ तासाभराने अलीकडे आणा, आणि पॅड मधेच कोरडा पण बाजू ओल्या असतील तर त्यावर राप चढला आहे, तो आधी काढा.