नव्या फ्लाइट इन्स्ट्रक्टरची चूक आणि नासाचा फॉर्म: दहा दिवस कुठून मोजायचे, पट्टी कुठे ठेवायची

अमेरिकेत शिकून तिथंच इन्स्ट्रक्टर म्हणून तास भरणारी आपली मुलंमुली वाढली, तसे मला रात्री येणारे फोनही वाढले. सुरुवात ठरलेली: "दादा, झोपला नाहीस ना? एक लोचा झालाय." लोचा बहुतेक वेळा छोटाच असतो. परवानगी न घेता क्लास बी एअरस्पेसच्या (मोठ्या विमानतळाभोवतीच्या, परवानगी लागणाऱ्या हवाई हद्दीच्या) कडेला घासून गेलेलं विमान, सुटलेली उंची, विद्यार्थ्याच्या लॉगबुकात मुदत संपलेली सही. मी विचारतो, कधी झालं? "झाले की तीन आठवडे." मग माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आपली चूक आपणच कळवायच्या या व्यवस्थेचं नाव एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टीम. सगळे तिला नासा रिपोर्टच म्हणतात. पैसा एफएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या आणि लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचा; कारभार नासाचा. ही विभागणी उगाच नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या एअरलाइनचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं. ९२ माणसं गेली. चौकशीत निघालं की त्याच अप्रोचचा (उतरण्यासाठी आखून दिलेल्या मार्गाचा) तसाच चुकीचा अर्थ सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या एका क्रूने लावला होता. ते वाचले, त्यांनी कंपनीत कळवलंही, पण ती गोष्ट कंपनीबाहेर पोचलीच नाही. मग एफएएने स्वतःच रिपोर्ट मागायला सुरुवात केली. पण जो लायसन्स काढून घेऊ शकतो, त्याच्याच हातात आपली चूक लिहून कोण देणार? म्हणून १९७६ पासून मध्ये नासाला बसवलं.

फॉर्म ऑनलाइन भरता येतो, फुकट आहे, पायलट आणि इन्स्ट्रक्टर दोघांनाही 'जनरल' हाच फॉर्म लागतो. विमानाचा प्रकार, हवामान, तुमचे तास, आणि खाली काय घडलं ते आपल्या शब्दांत. व्हिसाचा प्रकार त्यात कुठेही विचारत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण 'एफ-वन' या विद्यार्थी व्हिसावर काम करणारी मुलं याच भीतीने फॉर्म उघडत नाहीत.

बदल्यात मिळतं काय, हे मात्र नीट समजून घ्या. पुढे एफएएने कारवाई केलीच, तर नियम मोडल्याचा ठपका बसू शकतो, पण दंड किंवा लायसन्सचं निलंबन लादलं जात नाही. त्याला चार अटी आहेत. चूक अनवधानाने झालेली हवी, जाणूनबुजून नको. प्रकरणात गुन्हा किंवा अपघात नको, आणि तुमची पात्रता किंवा कौशल्यच अपुरं असल्याचं दाखवणारं काही नको. मागच्या पाच वर्षांत तुमच्यावर नियमभंग सिद्ध झालेला नको. आणि रिपोर्ट दहा दिवसांच्या आत गेल्याचा पुरावा हवा.

पाच वर्षांच्या अटीचा उलटा अर्थ लावणारे मला दर वर्षी भेटतात: "पाच वर्षांत एकच रिपोर्ट करता येतो, म्हणून मोठ्या चुकीसाठी राखून ठेवलाय." अरे बाबा, रेशनकार्डावरची साखर आहे का ती? रिपोर्ट कितीही करा. मोजली जाते ती सिद्ध झालेली चूक, पाठवलेला कागद नाही.

आता दहा दिवस. मोजायचे ते घटनेपासून. एफएएचं पत्र आल्यापासून नाही, शाळेच्या चीफ इन्स्ट्रक्टरने बोलावल्यापासून तर नाहीच. नियमात 'चूक लक्षात आल्यापासून' अशी एक फट आहे खरी, पण त्याच वाक्यात पुढे 'किंवा लक्षात यायला हवी होती तेव्हापासून' असंही आहे, आणि इन्स्ट्रक्टरला सगळं लक्षात यायलाच हवं होतं असं समोरचा माणूस धरून चालतो. त्या फटीवर भिस्त ठेवू नका. शनिवार-रविवार सोडून मोजायचं डोक्यातून काढा. उतरल्यावर टॉवरने "पॉसिबल पायलट डेव्हिएशन" (पायलटकडून नियम मोडला गेला असावा) म्हणत फोन नंबर दिला असेल, तर तुमची मोजणी सुरू झालीय. फोनवर काय बोलायचं हा वेगळा विषय. वकिलाचा सल्ला मिळत असेल तर आधी घ्या, उद्धटपणा करू नका, खोटं तर अजिबात बोलू नका. २०१५ पासून एफएएचा कल साध्या चुकीला समज आणि जादा ट्रेनिंग देऊन मोकळं करण्याकडे आहे, पण ते समोरचा माणूस सरळ वागतोय असं दिसलं तरच.

खरं घोडं अडतं ते पट्टीपाशी. फॉर्मच्या वरच्या भागात तुमचं नाव, पत्ता, फोन असतो. नासाचे लोक रिपोर्ट वाचतात, काही विचारायचं असेल तर त्याच नंबरवर फोन करतात, आणि मग तो भाग, म्हणजेच ही पट्टी, वेगळा काढून, तारखेचा शिक्का मारून, टपालाने तुम्हाला परत पाठवतात. त्यांच्याकडे तुमची ओळख उरत नाही. म्हणजे ती पट्टी हरवली, तर दुसरी प्रत देणारं या पृथ्वीतलावर कुणी नाही. गुप्तता इतकी चोख की तुमचा पुरावाही तुमच्यापाशीच! ऑनलाइन भरलात तरी पट्टी टपालानेच येते. आणि आपली पोरं राहतात कशी? दोन बेडरूममध्ये पाचजण, पत्रपेटीची किल्ली एकाकडे, आणि तो गेलेला क्रॉस-कंट्रीला, म्हणजे लांबच्या फ्लाइटला. एकाची पट्टी पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणीतरी जबाबदार माणूस टपाल उघडतो असाच पत्ता द्या.

त्याच पट्टीवर 'घटनेचा प्रकार' अशी एक ओळ असते. रिपोर्टचा मजकूर कारवाईसाठी वापरायला एफएएला ९१.२५ या नियमाने मनाई आहे, पण पट्टी पुरावा म्हणून तुम्हीच पुढे करणार, तेव्हा ती ओळ ते वाचणारच. तिथे "माझ्या निष्काळजीपणामुळे क्लास बीमध्ये घुसलो" असं लिहिणारा प्रामाणिक गडी मला माहीत आहे. "संभाव्य एअरस्पेस डेव्हिएशन" एवढं पुरतं. मन मोकळं करायचं ते खाली मजकुरात, आणि तिथेही माणसांची नावं नकोत. 'इन्स्ट्रक्टर', 'विद्यार्थी' असंच लिहा. पट्टी आली की जपून ठेवा. आपणहून कुणाला दाखवत फिरायची गरज नाही.

विद्यार्थ्याने रिपोर्ट केला म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. विमानात दोघं होतात तर दोन रिपोर्ट. "कंट्रोल्स त्याच्या हातात होते" हे वाक्य नव्या इन्स्ट्रक्टरच्या तोंडी फार असतं. ते विसरा, ट्रेनिंग फ्लाइटमध्ये जबाबदारी शेवटी इन्स्ट्रक्टरकडेच येते. शाळेच्या सेफ्टी पेटीत टाकलेली चिठ्ठीही नासाच्या रिपोर्टची जागा घेत नाही. दोन्ही करा.

एक सावधगिरी. अपघाताबद्दल हा फॉर्म भरू नका. अपघात आणि गुन्ह्याचे रिपोर्ट नावासकट पुढे जातात. अपघात लगेच कळवायचा तो एनटीएसबीला, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेला. अपघात म्हणजे मृत्यू, गंभीर दुखापत किंवा विमानाचं 'सब्स्टॅन्शियल डॅमेज'. आणि या शब्दाची व्याख्या वाचली की बरीच धडधड थांबते. जमिनीवर प्रोपेलरला झालेली इजा, टायर, ब्रेक, लँडिंग गिअर, विंगटिप एवढंच बिघडलं असेल तर ते त्यात धरत नाहीत. पण आदळून उतरल्यावर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) सुरकुती पडली असेल तर गोष्ट वेगळी. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय स्वतःच निकाल देऊ नका.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सोलोची सही, म्हणजे विद्यार्थ्याला एकट्याने उडायची परवानगी देणारी लॉगबुकातली इन्स्ट्रक्टरची सही, ९० दिवस चालते. तीन महिने नव्हे, ९० दिवस. १ जुलैला केलेली सही २९ सप्टेंबरला संपते. नव्याने इन्स्ट्रक्टर झालेल्या एका मुलीच्या विद्यार्थ्याने ३० सप्टेंबरला एकट्याने तीन लँडिंग केली. छान केली. तिच्या ते लक्षात आलं ४ ऑक्टोबरला, दुसऱ्याच कामासाठी लॉगबुक चाळताना. ना टॉवरला माहीत, ना शाळेला. मला व्हिडिओ कॉलवर तिने ते पान दाखवलं. अमेरिकन पद्धतीने आधी महिना, मग दिवस: सात, तिरकी रेघ, एक. इंग्रजी एकाचा सात करायला वर एक आडवी रेघ पुरते. पेनही तोच होता, काळ्या शाईचा, पानावरच आडवा ठेवलेला. ती काही बोलली नाही, मीही क्षणभर बोललो नाही.

मग विचारलं, "पेन कशाला काढलंयस?"

"असंच."

लॉगबुकातली किंवा सहीतली मुद्दाम केलेली खोटी नोंद ६१.५९ या नियमाखाली येते. तिथे निलंबनावर भागेलच असं नाही, हातातली सगळी लायसन्सं रद्द होऊ शकतात, आणि नासाची पट्टी तिथे काडीचीही कामाची नाही, कारण ते अनवधान उरत नाही. दिवस चुकीचे मोजणं ही चूक. ती आडवी रेघ ओढली असती तर तो खोटेपणा झाला असता.

तिने पेन बॅगेत टाकलं. त्याच रात्री रिपोर्ट भरला. मोजणी ३० सप्टेंबरपासूनच धरली, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. विद्यार्थ्यालाही त्याचा वेगळा भरायला लावला. सकाळी चीफ इन्स्ट्रक्टरला जाऊन स्वतः सांगितलं, आणि विद्यार्थी पुन्हा एकटा उडण्याआधी त्याला तपासून त्या दिवसाच्या तारखेची नवी सही केली. जुनी सही होती तशीच राहू दिली. चीफ इन्स्ट्रक्टर दहा मिनिटं बोलला, त्यातली आठ मिनिटं ऐकण्यासारखी नव्हती. पुढे काही झालं नाही, पण तुमचंही तसंच होईल असं मी म्हणणार नाही.

कुणाला सोलोची किंवा परीक्षेची सही दिली याची नोंद तुम्हाला तशीही तीन वर्षं ठेवायचीच असते. त्याच वहीत प्रत्येक सोलो सहीपुढे नव्वदाव्या दिवसाची तारीख लिहायला सुरुवात करा, बोटांवर महिने मोजू नका.

आणि घर बदललं तर ३० दिवसांत एफएएला नवा पत्ता कळवा. नाही कळवला, तर ते कळवेपर्यंत लायसन्स वापरायची मुभा राहत नाही. पट्टी अजून आलेली नसेल तर जुन्या घरातल्या मित्रालाही सांगून ठेवा, नासाचं पाकीट आलं तर कुपनांत टाकू नकोस म्हणावं.