हजेरीचा जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये का अडखळतो

हजेरीचं नवं सॉफ्टवेअर सुरू झालं की पहिल्याच पगाराला टाईम ऑफिसच्या खिडकीशी गर्दी होते. कुणाची रजा कमी दिसते, कुणाचा ओव्हरटाईम गायब असतो, तर रात्रपाळी केलेल्याच्या नावावर खाडा पडलेला असतो. अशा वेळी सॉफ्टवेअरवर खापर फुटतं, पण मूळ बहुधा जुन्या डेटात असतं. तो ज्या पद्धतीत तयार झाला, त्या पद्धतीचे अलिखित नियम फाईलबरोबर येत नाहीत.

मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, दिवस नोंदला जाई, वेळ नाही. वेळ आली ती घड्याळामुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न इथले जवाहिरे विलर्ड बंडी यांनी १८८८ मध्ये हजेरीची वेळ नोंदवणारं घड्याळ तयार केलं. त्यातून उभा राहिलेला धंदा विलीनीकरणं होत १९११ मध्ये एका मोठ्या कंपनीत सामावला आणि १९२४ मध्ये त्या कंपनीचं नाव आयबीएम झालं. आज बोट लावलं तरी आपण ‘पंच केलं’ म्हणतो, ते कार्डाच्या काळापासून.

सगळ्यात मोठा घोळ रात्रपाळीचा. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ५७ प्रमाणे मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात धरायचे असत. मस्टर लिहिणारा टाईमकीपर हे सवयीने करत असे. मशीनची तारीख मात्र बाराला बदलते. १४ तारखेला रात्री ११ ला आत आणि १५ ला सकाळी ७ ला बाहेर, हे पंच नुसत्या तारखेने भरले तर दोन्ही दिवशी एकेकच पंच दिसतो आणि दोन्ही दिवस अपुरे ठरतात. म्हणून आधी पाळ्या आणि कोण कोणत्या पाळीत होता तो तक्ता भरायचा, ओव्हरटाईम धरून रात्रपाळीचा दिवस किती वाजता संपतो ते ठरवायचं, आणि पंच त्यानंतरच.

डीबेस आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमांच्या डीबीएफ फाईलींत वेगळा सापळा आहे. तिथे खोडलेली ओळ लगेच पुसली जात नाही. ओळीच्या सुरुवातीला फक्त तारांकन लागतं आणि ‘पॅक’ ही साफसफाईची आज्ञा देईपर्यंत ती फाईलमध्येच राहते. जुना प्रोग्रॅम अशा ओळी लपवत असे. इम्पोर्टच्या साधनाने ती खूण वाचली नाही, तर वर्षांपूर्वी नोकरी सोडलेली माणसं पटावर परत येतात. मराठी नावं श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर युनिकोडमध्ये नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा, आणि शिर्के, वऱ्हाडे अशी रफाराची, जोडाक्षरांची आडनावं डोळ्यांनी तपासा.

एक्सेलमधून जाताना तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा क्रमांक, ००४१७ चा ४१७ होतो, म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करावा. ०५/०३ म्हणजे ५ मार्च की ३ मे, हेही बघावं. ओव्हरटाईमच्या रकान्यातला ८.३० म्हणजे साडेआठ तास की ८.३, म्हणजे ८ तास १८ मिनिटं? दशांशानंतर कुठेही ६० किंवा त्याहून मोठा आकडा सापडला, तर तो रकाना तास-मिनिटांचा नक्कीच नाही.

बोटांच्या ठशांचे टेम्प्लेट, म्हणजे मशीनने साठवलेल्या ठशांच्या खुणा, एका कंपनीच्या मशीनमधून दुसरीच्या मशीनवर सहसा चालत नाहीत. पुन्हा नोंदणीचे दिवस वेळापत्रकात धरा.

रजेच्या शिलकीला मात्र सर्वांत जास्त जपायला हवं, कारण ती कामगाराची कमाई आहे. १९४८ च्या कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांना एक हक्काची रजा, आणि न वापरलेल्यांपैकी ३० पर्यंत पुढे ओढता येत. जुन्या पंचांवरून ही शिल्लक नव्याने मोजू नये. हाताने केलेल्या दुरुस्त्या बऱ्याचदा फक्त रजा रजिस्टरमध्ये असतात, संगणकात नाहीत. रजिस्टरमधला आकडा कामगाराला दाखवावा, त्याची सही घ्यावी आणि तोच आरंभीची शिल्लक म्हणून भरावा. मग एक पूर्ण पगारचक्र जुनी-नवी दोन्ही पद्धती बरोबर चालवून माणसागणिक हजर दिवस, खाडे आणि ओव्हरटाईम ताडून बघावेत. पगार एका महिन्याच्या २१ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २० पर्यंत असा निघत असेल तर तुलनाही २१ ते २० चीच करावी.