गाणं तयार झालं, आता रॉयल्टीसाठी नाव कुठे नोंदवायचं?

(आमच्या कोथरूडच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्या स्वतंत्र कलाकारांसाठी)

मास्टर फाइल, म्हणजे गाण्याचं अंतिम रेकॉर्डिंग, हातात पडली की बहुतेक जण दोन गोष्टी विचारतात: गाणं स्पॉटिफायवर कधी दिसेल आणि रॉयल्टीसाठी कुठल्या संस्थेत जायचं? पहिल्याचं उत्तर तुमचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं अशा ॲप्सवर पोहोचवणारी कंपनी, देईल. दुसऱ्यासाठी हे पत्रक.

'एस्कॅप घेऊ की बीएमआय?' असं विचारत येणारे बरेच असतात. यूट्यूबवरचे सल्ले बहुतांशी अमेरिकेतले, त्याचा हा परिणाम. तिथे एस्कॅप (१९१४) आणि बीएमआय (१९३९) या संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करण्याच्या एकाच कामासाठी स्पर्धा करतात, शिवाय सेसॅक आहे, तिथे निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ३३ सांगतं की एका प्रकारच्या कृतींसाठी सहसा एकाच संस्थेची नोंदणी व्हावी. त्यामुळे संस्था निवडत बसण्यापेक्षा, या गाण्यात तुमचं काम नेमकं कोणतं, ते आधी ठरवा.

चाल किंवा शब्द तुमचे असतील तर आयपीआरएस. १९६९ पासूनची ही मुंबईची संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची आहे. तुम्ही गायलं किंवा वाजवलं असेल तर कलावंत म्हणून तुमचा हक्क वेगळा, त्यासाठी गायक-वादकांची संस्था इसाम्रा. आणि रेकॉर्डिंगचा खर्च तुम्हीच केला, मालकीही तुमचीच, तर ध्वनिमुद्रणासाठी २०२१ मध्ये नोंदलेली आरएमपीएल ही संस्था आहे. हॉटेलवाल्यांच्या तोंडी गाणी वाजवण्याचे परवाने देणाऱ्या पीपीएलचं नाव असतं, तेही रेकॉर्डिंगपुरतंच; तुमच्या चालीशी त्याचा संबंध नाही. घरी बसून सगळं एकट्याने करणारा कलाकार तिन्ही ठिकाणी बसतो. आमचं मत विचाराल तर सुरुवात आयपीआरएसपासून करा, बाकीचं सावकाश.

'डिस्ट्रिब्युटर पैसे देतोच की!' हो, पण ते रेकॉर्डिंगचे. रेडिओवर, मॉलमध्ये, कार्यक्रमात तुमची चाल वाजली की तिचा हिशोब वेगळा होतो, आणि तो डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात दिसत नाही.

लेबलशी, म्हणजे म्युझिक कंपनीशी, करार करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट संस्थेकडे देता येतो. 'सर्व हक्क कायमचे' असं छापलेलं पाहून घाबरू नका, पण वाचल्याशिवाय सहीही करू नका. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणूनच लेबलवाले या दोन रकाम्या जागा आठवणीने भरतात.

पुण्यात अभंगांना नव्या चाली लावणारे खूप, म्हणून हे जरा सविस्तर. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तुम्ही बांधलेली चाल मात्र तुमची, आणि ती तुमच्या नावावर नोंदवता येते. गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहा, स्वतःचं नाव नको. जुन्या चालीवर गिटार आणि कीबोर्ड चढवले म्हणजे ती तुमची चाल झाली असंही नाही. आधुनिक कवीची कविता घेतली की गणित बदलतं, कारण हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची कविता मोकळी आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांची २०५९ अखेरपर्यंत नाही. तेव्हा वारसांची किंवा प्रकाशकांची लेखी परवानगी आधी, रेकॉर्डिंग नंतर. स्टुडिओचं भाडं वाया गेलेलं आम्हालाही आवडत नाही.

आता वाटणीचा कागद. याला स्प्लिट शीट म्हणतात. गाण्याचं नाव, चाल कोणाची, शब्द कोणाचे, प्रत्येकाचे किती टक्के, तारीख आणि सगळ्यांच्या सह्या, एवढं एका पानात मावतं. अंतरा सुचवणाऱ्या बासवाल्याला चालीत वाटा आहे का? संगीत संयोजकाला ठरलेली रक्कमच, की टक्केही? हे त्याच संध्याकाळी, चहा संपायच्या आत विचारा. गाणं गाजल्यावर विचारलंत तर बँड मोडतो. कोरा नमुना काउंटरवर ठेवलेला आहे.

नोंदणीत सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. पॅनवर एक नाव, डिस्ट्रिब्युटरकडे बँडचं नाव आणि गाण्याचं शीर्षक रोमन लिपीत तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी: कुठे एक 'ए', कुठे दोन. मग गाणं वाजल्याची नोंद तुमच्या खात्याशी जुळत नाही आणि पैसे अडकून पडतात. एकच स्पेलिंग ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. डिस्ट्रिब्युटरकडून मिळालेला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांकही जपून ठेवा, तो रेकॉर्डिंगचा. चालीचा क्रमांक वेगळा असतो, त्याला आयएसडब्ल्यूसी म्हणतात.

परदेशात गाणं वाजलं तर? आयपीआरएसचे बाहेरच्या संस्थांशी परस्पर करार आहेत, पैसे त्या मार्गाने येतात, वेळ लागतो. ज्यांचा श्रोता प्रामुख्याने अमेरिकेत किंवा इंग्लंडात आहे, त्यांनी थेट तिथल्या संस्थेचा विचार करायला हरकत नाही. पण एकाच प्रदेशासाठी एकच हक्क दोन संस्थांना देऊ नका. आधी कुठे सही केली असेल तर आम्हाला सांगा. सदस्यत्व सोडता येतं, कॉपीराइट कायद्याचं कलम ३४ तशी मुभा देतं, फक्त करारातल्या अटी पाळाव्या लागतात.

कॅफेत किंवा सभागृहात गाताना गाणी सादर करण्याचा परवाना कोणी काढायचा? आयोजकाने. तुम्ही त्याला गायलेल्या गाण्यांची यादी द्या, म्हणजे पुढे ती संस्थेपर्यंत जाईल. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, तिथून रॉयल्टीची वाट पाहू नका.

फॉर्म भरताना अडलात तर कामाच्या दिवशी संध्याकाळी या, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. सोबत पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, प्रदर्शित झालेल्या निदान एका गाण्याची लिंक आणि सह्या झालेली स्प्लिट शीट आणा. वारसदार म्हणून कोणाचं नाव द्यायचं, ते मात्र घरी विचारून या.