‘रीसेट दाबून धरा’: गेम सेव्ह करण्यामागचा इतिहास

निन्टेंडोच्या एनईएस कन्सोलवरचा द लेजेंड ऑफ झेल्डा हा गेम 1987 साली अमेरिकेत सोनेरी कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत) आला, तेव्हा खेळणाऱ्याला एक विचित्र सूचना पाळावी लागे: आधी रीसेटचे बटण दाबा, ते दाबून धरूनच पॉवर बंद करा, आणि मगच बोट काढा. सूचना विसरलेल्यांचे आठवडाभराचे कष्ट कधीकधी एका क्षणात पुसले जात. वीज जाता जाता व्होल्टेज एकदम शून्यावर येत नाही, घसरत घसरत येते. त्या काही मिलिसेकंदांत प्रोसेसर भरकटतो आणि सेव्ह साठवलेल्या रॅममध्ये वाटेल तिथे वाटेल ते लिहू शकतो. रीसेट दाबलेले असले की प्रोसेसर थांबलेला असतो, म्हणून काहीच लिहिले जात नाही. नंतरच्या कार्ट्रिजांत काम नसताना रॅमला कुलूप घालणाऱ्या चिप आल्या आणि ही कसरत हळूहळू मागे पडली.

सेव्ह ही गेमला वरून चिकटवलेली सोय नाही. खेळणाऱ्याला कुठे थांबता येते आणि थांबल्यावर काय शिल्लक राहते, यावरून गेमचा आकार ठरतो. जुने गेम इतके छोटे, कठीण आणि एका बैठकीत संपणारे का, याचे निम्मे उत्तर त्यांच्या मेमरीत सापडते.

1977 च्या अटारी 2600 मध्ये रॅम होती फक्त 128 बाइट. गेमची रॉम, म्हणजे गेम जिच्यात कायमचा कोरलेला असतो ती मेमरी, बहुधा 2 ते 4 किलोबाइटची. खेळाडू, शत्रू, गुण, उरलेले जीव, सगळे त्या 128 बाइटांत मावायचे आणि बटण बंद केले की सगळे जायचे. आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या मशीनवरही तेच. 1979 च्या अ‍ॅस्टेरॉइड्समध्ये उच्चांकासमोर स्वतःची तीन आद्याक्षरे टाकता येत, पण रात्री मशीन बंद झाले की यादी कोरी. म्हणून त्या काळचे गेम ‘संपत’ नसत. ते फक्त वेग वाढवत जात आणि शेवटी खेळणारा हरे. आठवण ठेवता येत नसेल तर लांबलचक गोष्ट सांगता येत नाही, हे त्या डिझायनरांना पक्के ठाऊक होते.

घरच्या संगणकांकडे फ्लॉपी होती, म्हणून तिथे लांब गेम आधी रुजले. 1980 मध्ये झॉर्क हा गेम घरगुती संगणकांवर आला. त्यात ‘सेव्ह’ असा शब्द टाइप केला की आहे ती स्थिती डिस्कवर जाई आणि ‘रिस्टोअर’ म्हटले की परत येई. त्याच सुमारास ‘रोग’ (Rogue) या गेमने उलटी वाट धरली. तिथे सेव्ह म्हणजे केवळ विश्रांती: परत खेळायला बसलात की सेव्ह फाइल पुसली जाई, त्यामुळे मेलात तर पहिल्यापासून. आज रोगलाइक म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्याचा कणा हा एकच निर्णय आहे.

टीव्हीला जोडायच्या कन्सोलांत फ्लॉपी नव्हती. निन्टेंडोने जपानमध्ये 21 फेब्रुवारी 1986 रोजी आपल्या फॅमिकॉम कन्सोलला जोडायची फॅमिकॉम डिस्क सिस्टीम आणली. तिची डिस्क दोन्ही बाजू मिळून साधारण 112 किलोबाइटची, आणि तिच्यावर लिहिता येई. झेल्डा मुळात याच डिस्कवर, त्याच दिवशी आला, त्यामुळे त्याला सेव्ह होता. मेट्रॉइडही त्याच वर्षी डिस्कवरच आला. ही यंत्रणा जपानबाहेर विकली गेली नाही. बाहेर हे गेम कार्ट्रिजमधून न्यायचे तर सेव्हचे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि दोन गेमना दोन वेगळी उत्तरे मिळाली. झेल्डाला बॅटरी, मेट्रॉइडला पासवर्ड.

पासवर्डला लोक आज हसतात. हा अन्याय आहे, कारण त्यामागचे गणित फार सुबक आहे. मेट्रॉइडचा पासवर्ड 24 अक्षरांचा, सहा-सहांच्या चार गटांत. प्रत्येक अक्षर 64 चिन्हांतले एक, म्हणजे 6 बिट. एकूण 144 बिट. त्यातले 128 बिट खरी माहिती: कोणती शस्त्रे मिळाली, कोणते दरवाजे उघडले, कोणत्या टाक्या उचलल्या, किती वेळ गेला. आठ बिट सगळ्या माहितीची जागा फिरवण्यासाठी, म्हणजे दोन जवळच्या स्थितींचे पासवर्डही वेगळे दिसावेत. उरलेले आठ बिट चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज. लिहून घेताना एक अक्षर चुकले की बेरीज जुळत नाही आणि पासवर्ड नाकारला जातो. पण आठ बिटांची बेरीज म्हणजे 256 शक्यता, त्यामुळे मनाने रचलेला पासवर्डही अधूनमधून बरोबर ठरतो. ‘जस्टिन बेली’ हा गाजलेला पासवर्ड गेममध्ये मुद्दाम पेरलेला नाही, तो या नेहमीच्या पडताळणीतूनच पार होतो. ‘नारपास स्वोर्ड’ मात्र खास आत घातलेला आहे.

एक गोष्ट त्या 128 बिटांत बसवलेलीच नाही: उरलेली ऊर्जा. म्हणून पासवर्ड टाकून सुरू केल्यावर ऊर्जेच्या सहा टाक्या जवळ असल्या तरी ऊर्जा फक्त 30. पुढच्या बॉसकडे, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूकडे, धावण्याआधी बराच वेळ शत्रू मारून ती भरत बसावे लागते. अनेकांना हा कठीणपणा मुद्दाम ठेवलेला वाटतो, पण तो साठवणुकीतून आलेला आहे.

मेगा मॅन 2 ने 1988 मध्ये याहून साधी युक्ती केली. 5 बाय 5 च्या चौकटीत नऊ ठिपके. वरच्या ओळीतला एकच ठिपका ऊर्जेचे डबे किती ते सांगतो, शून्य ते चार. बाकीचे आठ ठिपके आठ बॉसचे. प्रत्येकाच्या दोन जागा, जिवंत असल्याची एक आणि हरल्याची एक, आणि डब्यांच्या संख्येनुसार सगळे सरकतात. म्हणजे एकंदर 256 गुणिले 5, फक्त 1280 स्थिती. शेवटच्या किल्ल्यातली प्रगती त्यात नाहीच, तिथे पोचून बंद केले तर किल्ला पुन्हा पहिल्या पायरीपासून. अक्षरांऐवजी ठिपके असल्याने लिहिण्यात चुका मात्र फार कमी होत.

चुका हाच पासवर्डचा खरा शत्रू. 1986 च्या ड्रॅगन क्वेस्टचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ 20 जपानी अक्षरांचा होता. 1987 च्या दुसऱ्या भागात तिघांची टोळी, त्यांचे सामान आणि पैसे साठवायचे म्हणून तो वाढून कमाल 52 अक्षरांवर गेला. जपानी अक्षराच्या कोपऱ्यात दोन छोट्या रेघा आहेत की लहानसे वर्तुळ, हे धूसर टीव्हीवर ओळखणे अवघड, आणि एवढ्या फरकाने अख्खा मंत्र वाया जाई. 1988 च्या तिसऱ्या भागात बॅटरी आली.

बॅटरीचा सेव्ह म्हणजे साध्या भाषेत असे: कार्ट्रिजमध्ये रॉमशेजारी एक छोटी एसरॅम (वीज मिळेपर्यंतच आठवण धरणारी मेमरी) चिप, झेल्डात 8 किलोबाइटची, आणि तिला जिवंत ठेवणारा 3 व्होल्टचा लिथियम बटन सेल. कन्सोल चालू असताना चिप कन्सोलची वीज घेते, बंद झाले की सेलची. नुसती आठवण धरून ठेवायला लागणारा विद्युतप्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका थोडा. सीआर2032 सेलची क्षमता साधारण 220 मिलिअँपिअर-तास असते. चिप 2 मायक्रोअँपिअर घेत असेल तर हिशेब 1,10,000 तासांचा, म्हणजे साडेबारा वर्षांचा. प्रत्यक्षात चिप यापेक्षा काटकसरी असेल तर सेल वीस-तीस वर्षेही टिकतो. म्हणूनच त्या काळातली काही कार्ट्रिज अजून सेव्ह सांभाळून आहेत आणि काहींचे सेल कधीच संपले.

पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर (1999) या गेमचे सेल आधी संपतात, त्याचेही कारण यातच आहे. त्यांच्यात दिवस-रात्र आणि आठवड्याचे वार चालवणारे घड्याळ आहे. 32.768 किलोहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक त्याच सेलवर अखंड धडधडत असतो. सेल संपला की घड्याळही जाते आणि सेव्हही. पुढच्या पिढीत, रुबी आणि सफायरमध्ये, सेव्ह वीज नसतानाही टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत गेला आणि सेल फक्त घड्याळाला उरला. त्यामुळे या कार्ट्रिजने सेल संपल्याची सूचना दाखवली तरी घाबरू नये: खेळ आणि सेव्ह शाबूत असतात, फक्त वेळेवर अवलंबून असलेल्या घटना थांबतात.

सेल बदलणे कठीण नाही, पण क्रम चुकला तर नुकसान ठरलेले. सेल काढताच एसरॅमची आठवण जाते, म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने सेव्ह संगणकावर उतरवून घ्यावा. मगच कार्ट्रिज उघडावे. निन्टेंडोच्या एसएनईएस, एन64 आणि गेम बॉय या यंत्रांच्या कार्ट्रिजना 3.8 मिलिमीटरचा खास स्क्रू-ड्रायव्हर बिट लागतो (4.5 मिलिमीटरचा कन्सोलसाठी असतो, दोन्हींत गल्लत होते). सेलवर छापलेला क्रमांक वाचूनच नवा आणावा. एनईएस आणि एसएनईएसमध्ये बहुधा सीआर2032 असतो, गेम बॉयमध्ये बोर्डानुसार सीआर1616 किंवा सीआर2025. नवा सेल पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेलाच घ्यावा. साध्या सेलवर थेट डाग (सोल्डर) देऊ नये, कारण उष्णतेने लिथियम सेल फुगतो, फुटूही शकतो. जुन्या पट्ट्यांचे डाग वितळवून पट्ट्या हलकेच उचलाव्यात. जोर लावला तर बोर्डावरचा तांब्याचा पापुद्रा निघून येतो. अधिक आणि उणे जुळवून नवा सेल बसवावा आणि बोर्डावरच्या बिंदूंवर मल्टिमीटर लावावा. 3 व्होल्टच्या आसपास आकडा आला की सेव्ह परत चढवायचा. काही जण डाग न देता चिकटपट्टीने सेल दाबून बसवतात. कार्ट्रिज आपटले की तो स्पर्श क्षणभर सुटतो, आणि एसरॅमला तो क्षण पुरतो.

सेव्ह खेळणाऱ्याच्या हातात खऱ्या अर्थाने आला तो मेमरी कार्डामुळे. निओ जिओने 1990 मध्ये असे कार्ड आणले, जे घरच्या यंत्रात आणि आर्केडमध्येही चाले. घराघरांत ही कल्पना पोचवली 1994 च्या प्लेस्टेशनने. त्याचे कार्ड 128 किलोबाइटचे, 8 किलोबाइटांच्या 16 ब्लॉकचे. एक ब्लॉक अनुक्रमणिकेचा, उरलेले 15 खेळणाऱ्याचे. आत फ्लॅश मेमरी, त्यामुळे सेलची भानगड नाही. एन64 च्या कंट्रोलर पॅकमध्ये मात्र 32 किलोबाइट आणि सेल होता, आणि ते पॅक आज सेल संपल्याने हमखास रिकामे सापडतात. लिहिणे चालू असताना प्लेस्टेशनचे कार्ड उपटले तर धोका एका सेव्हपुरता राहत नाही. अनुक्रमणिकाच अर्धवट राहिली तर बाकीचे सेव्हही दिसेनासे होतात.

आता हवे तेव्हा सेव्ह करणे शक्य झाले होते, आणि नेमके तेव्हा चांगल्या डिझायनरांनी ते मुद्दाम रोखले. 1996 च्या रेझिडेंट ईव्हिलमध्ये टंकलेखन यंत्रापाशीच सेव्ह होई आणि दर वेळी शाईची एक रिबन खर्ची पडे. ती रिबन सामानातली एक जागा अडवे, आणि क्रिसकडे जागा सहाच. त्या गेममधली भीती झोंबींइतकीच या हिशेबातून येते. संगणकावर त्या काळात डूम आणि क्वेकने एफ6 ने झटपट सेव्ह, एफ9 ने झटपट लोड अशी सवय लावली होती. तिथे भीतीची जागा अचूकतेने घेतली: एकेक दरवाजा पुन्हा पुन्हा खेळून पार करायचा. दोन्ही रीती खऱ्या आहेत. पण पहिल्या रीतीचा गेम दुसऱ्या रीतीने खेळला की त्याचा जीव जातो. इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जुने गेम दर दहा सेकंदांनी स्टेट सेव्ह करत खेळणाऱ्यांना ते सपक का वाटतात, ते यातच दिसते.

त्या स्टेट सेव्हबद्दल एक सावधगिरी. स्टेट म्हणजे अख्ख्या यंत्राच्या मेमरीचा फोटो, त्यात कार्ट्रिजची एसरॅमही आली. जुने स्टेट उघडले की गेममधला सेव्हही त्या दिवसाचा होतो, आणि इम्युलेटर तो डिस्कवरच्या नव्या सेव्हवर लिहून टाकतो. शिवाय इम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनी स्टेट उघडतीलच असे नाही. म्हणून उठण्याआधी गेमच्या आतला सेव्ह करावा. एक्सबॉक्स सिरीजचा क्विक रिझ्यूमही असा फोटोच आहे. गेमचे अपडेट आले की तो निरुपयोगी ठरतो, त्याला सेव्ह समजू नये.

2001 च्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क आली आणि जागेची चणचण संपली. मग सेव्ह आपोआप होऊ लागले. डार्क सोल्स (2011) सतत स्वतःच सेव्ह करत राहतो, त्यामुळे चूक मागे घेता येत नाही: रिबनच्या कंजूषपणाने जो ताण येई, तोच इथे उदारपणाने साधला आहे. जागा वाढल्याने नवे दुखणेही आले. त्याच वर्षीच्या स्कायरिममध्ये हलवलेली प्रत्येक वस्तू लक्षात ठेवली जाते, फाइल फुगत जाते, आणि प्लेस्टेशन 3 च्या 256 मेगाबाइट मुख्य रॅमला ते ओझे पेलवेना. पन्नास-साठ तास खेळलेल्यांचा गेम अडखळू लागला तो यामुळे.

2008 पासून स्टीमने सेव्ह क्लाउडवर ठेवायला सुरुवात केली. यात घात होतो तो दोन संगणकांवर खेळताना. एकीकडचा सेव्ह वर जायच्या आत दुसरीकडे गेम उघडला की ‘इथली प्रत की क्लाउडची’ असा प्रश्न येतो, आणि घाईत चुकीचे बटण दाबले की नवी प्रत जुन्याखाली गाडली जाते. उत्तर देण्याआधी दोन्ही प्रतींची तारीख-वेळ बघावी आणि सेव्हचे फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवावे. विंडोजवर ते बहुधा डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा लपवलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरात असते. माइनक्राफ्टचे प्रत्येक जग ‘सेव्ह्ज’ फोल्डरात वेगळ्या फोल्डरात राहते आणि मुख्य फाइलची आधीची प्रत शेजारीच असते. जग उघडेना झाले तर आधी संपूर्ण फोल्डर बाजूला काढून ठेवावे, मग ती जुनी प्रत मूळ नावाने वापरून बघावी.

कन्सोलवर ही वाट बंद होत चालली आहे. प्लेस्टेशन 4 चे सेव्ह यूएसबीवर काढता येतात. प्लेस्टेशन 5 च्या गेमचे येत नाहीत: ते यंत्रात राहतात, नाहीतर पैसे भरून घेतलेल्या क्लाउडवर. यंत्र दुरुस्तीला देणार असाल किंवा विकणार असाल, तर सेव्ह क्लाउडवर चढल्याची तारीख प्रत्येक गेमसमोर स्वतः तपासा आणि मगच यंत्र रिकामे करा.